दोन मिनिटांचं मेण

आमच्या सोलापूरच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. गिरणी बंद पडली तरी वडिलांची युनियनची पत्रकं बंद पडली नाहीत, आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे एका मासिकाच्या संपादकांनी "डहाणूकडे कुणी जुने फोनोग्राफ जमवलेत, जाऊन ये, हलकंफुलकं लिहून आण, भांडण नको" असं सांगितलं, तेव्हा त्यांनी माणूस चुकीचा निवडला होता. मी जाऊन आले. हलकंफुलकं काही हाती लागलं नाही.

वरोर

सुरुवात वरोरपासून केली, कारण तिथल्या एका घरात चावीचा बाजा, म्हणजे असाच एक फोनोग्राफ, असल्याचं कळलं होतं. डहाणूहून रिक्षा केली. रिक्षावाल्याला मी उत्साहाने सांगितलं की पूर्वी गाणं तबकडीवर नाही, मेणाच्या सिलिंडरवर घेत.

"सिलिंडर? भरलेला की रिकामा?" त्याने आरशातून विचारलं.

"गाण्याचा हो."

"तो काय लीक झाला तरी स्फोट होत नाय ना? मग बसा आरामात."

हरूमावशींचं घर वाळूच्या काठावरच आहे. समोर बांबूंवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, आणि त्यांचा वास असा की पहिली दहा मिनिटं मी तोंडानेच श्वास घेतला. नंतर त्यांनी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण पुढे ठेवलं आणि मी नाकाने श्वास घ्यायला शिकले. आमच्याकडे कडक भाकरी महिनाभर टिकते याचं आम्हाला कोण कौतुक. मावशी म्हणाल्या, "महिनाभर? मग ती भाकरी कशाला, कौलं घाला तिची."

बाजा मात्र नव्हता. त्याचा पितळी कर्णा तेवढा दारामागे खिळ्याला लटकत होता, खाऱ्या हवेने हिरवा पडलेला.

"बाजा शेठने नेला. चिकूच्या वाडीतले मुकुंदशेठ. घरोघर फिरून नेतात. कर्णा चेपलाय म्हणून ठेवून गेले," मावशी म्हणाल्या. "बरंच झालं. माझे सासरे धुक्यात होडी आली की यातूनच हाका मारायचे. मी पण मारते. ऐकतेस?"

त्यांनी कर्णा तोंडाला लावला आणि समुद्राकडे अशी आरोळी ठोकली की बोंबलांवर टपलेले कावळे उडाले. दूरच्या होडीवरून कुणीतरी हात हलवला.

"आता नवऱ्याला वाटलं असेल जेवण झालं," त्या म्हणाल्या. "येऊ दे. बसेल उपाशी."

निघताना त्यांनी मला तो धागा दिला ज्यावर हे सगळं ओवलं गेलं. तलासरीकडची लखमी नावाची बाई दरवर्षी सुके बोंबील न्यायला त्यांच्याकडे येते. मुकुंदशेठच्या बंगल्यात तिच्या पणजीचा आवाज आहे, असं ती म्हणते. "या खेपेला दुप्पट बोंबील घेऊन गेली. लेकीचं लगीन आहे. पण तोंड असं, की मयताची खरेदी करते. विचार तिला. मला तर ती सांगते ते अर्धंच कळतं."

तलासरी

तलासरीला मी हायवेच्या चुकीच्या बाजूला उतरले. अहमदाबादकडे धावणारे ट्रक आणि मी, असा बराच वेळ समोरासमोर संसार झाला. शेवटी एका ताडीवाल्याने हात धरून रस्ता ओलांडून दिला आणि पलीकडे पोचल्यावर "मुंबईची का?" असं विचारून माझा अपमान केला.

लखमीबायचा पाडा तिथून आत, टेकडीच्या उतारावर. भात कधीच निघालेलं, शेतं नुसती खुंटांची. घराच्या दोन भिंती कुडाच्या, शेणाने सारवलेल्या; दोन सरकारी योजनेच्या, सिमेंटच्या. अंगणात तिची लेक जयू मोबाइलवर मेंदीची चित्रं बघत बसली होती. ती गुजरातच्या हद्दीतल्या कारखान्यात जाते; कंपनीची गाडी येते न्यायला. लखमीबाय पन्नाशीची असेल. नाचणीची भाकरी थापता थापता तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पेपरवाली का?"

"मासिकवाली."

"म्हंजे महिन्यातून एकदाच खोटं लिहितेस. बस."

या भागातल्या वारली घरांत लग्न लावणारी बाईच असते. तिला धवलेरी म्हणतात. बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आणि धवलेरी गाऊन एकेका देवाला मांडवात बोलावते. आमच्याकडे भटजी मंत्र पुटपुटतो आणि लोक आइस्क्रीमच्या रांगेत असतात. इथे बाई गाते, आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

लखमीबायच्या पणजीचं नाव सोनी. नावाजलेली धवलेरी. मुकुंदशेठच्या पणजोबांच्या बंगल्यात लग्न होतं. तिथून बोलावणं आलं, सोनीला गायला पाठवा. ती वेठीची वर्षं होती. शेठचं बोलावणं म्हणजे काम, आणि काम म्हणजे फुकट. पण हे काम ऐकून सोनी हरखली. तिला वाटलं, शेठच्या पोरीचं लग्न लावायला आपल्याला बोलावलंय. तिने डोक्याला तेल लावलं, ठेवणीतलं लुगडं नेसलं. बंगल्यात पोचली तर खरंच मांडव होता, नवरी होती, पाहुणे होते. मग शंका कशाची घ्यायची?

"तिच्यासमोर एक कर्णा धरला," लखमीबाय म्हणाली. "तिला वाटलं, उलटा तारपा आहे. तारप्यात आपण फुंकतो तं आवाज बाहेर येतो. यात गाते तं आवाज आत जातो. म्हणली, असेल यांची रीत. आणि लागली देव बोलवायला."

पाहुण्यांसाठी ती गंमत होती. शेठने नवं यंत्र आणलं होतं. शहरातली गानकोकिळा नाही मिळाली, म्हणून जंगलातली बाई. यंत्रातली मेणाची नळी जेमतेम दोन मिनिटांची; भरली की काम संपलं. ती भरली, आणि शेठने हात वर करून सोनीला थांबवलं.

"मधेच?"

"मधेच. देव अर्धे बोलवलेले. सोनी म्हणली, शेठ, अजून बाकी आहेत. सगळे हसले. तिला हाताला धरून मांडवाबाहेर काढली."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. जयूने येऊन उलटली.

"मग ते देव बंगल्याच्या पायरीवर राहिले?" मी विचारलं.

"वेडी का गो तू? देव कशाला शेठच्या पायरीवर राहतील? सोनीच्या मागं चालत घरी आले. आमच्या उंबऱ्यावर उभे आहेत. बाकीचे आले नाय तं हे आत कसे येतील?"

त्या दिवसापासून या घरातल्या बाईला कुणी धवलेरी म्हणून बोलावलं नाही. अर्ध्यावर थांबलेल्या बाईच्या घरातलं गाणं कुणाला नको. तरी गाणं मेलं नाही. सोनीने ते लेकीला शिकवलं, लेकीने तिच्या लेकीला, भात कांडताना, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. लखमीबायने माझ्यासमोर ओठ हलवून दाखवले. मुकी माणसं भांडतात तसं ते दिसत होतं.

आता जयूचं लग्न आहे, आणि लखमीबायला स्वतःच्या लेकीचं लग्न स्वतः गाऊन लावायचंय. तिला दुसरं काहीच नको. भगताला विचारलं, तो म्हणाला, जिथं तुटलं तिथून जोड. पण तुटलं कुठे, हे सोनीने कधी सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल ती पुढे बोललीच नाही.

"सुरुवातीपासून पुन्हा गायलीस तर?"

"जो पाहुणा दारात उभा आहे, त्याला पुन्हा या म्हणशील? तो विचारील, बाय, मग आतापावेतो उभं कशाला केलंस?"

मी म्हणाले, उद्या आपण बंगल्यावर जाऊ. जयू म्हणाली, "आयेला तिथं दारातून आत घेतलं नाय मागं." मी म्हणाले, "माझ्यासोबत घेतील." तोऱ्यात म्हणाले. तोरा खरा ठरला, आणि तेच मला अजून खुपतंय: पायात बूट, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, एवढ्यावर दारं उघडतात.

डहाणू

बंगला चिकूच्या वाडीत आहे. आता त्याचं पाहुण्यांसाठी विश्रामगृह झालंय. चिकूच्या सावलीत झोपाळे, चिकूचं आइस्क्रीम, चिकूचं लोणचंसुद्धा. एका पडवीत शेठचा संग्रह. खरं सांगायचं तर ती यंत्रं बघून माझा राग क्षणभर पळाला. कमळासारखे उमललेले कर्णे, शिसवी पेट्या, सुयांच्या चिमुकल्या डब्या. मुकुंदशेठ साठीचे, गोड बोलणारे. फोनोग्राफवर हात ठेवून ते म्हणाले, "मॅडम, हे मशीन ऐकायचं पण आणि ऐकवायचं पण. नंतरच्या ग्रामोफोनला फक्त बोलता यायचं."

मला ते वाक्य आवडलं. मग यंत्रं जमवणारे जे विसरतात, त्याची मी त्यांना आठवण करून दिली. जुन्या तबकड्या लाखेच्या असत. ती लाख जंगलातल्या माणसांनी झाडांच्या फांद्यांवरून खरवडली, आणि त्यातल्या कितीजणांनी तबकडी कधी ऐकली असेल? शेठ हसले. "तुम्ही तर भाषणच केलं. आइस्क्रीम घ्या."

मला "तुम्ही". लखमीबायला ते पहिल्या वाक्यापासून "तू". ती त्यांच्यापेक्षा फार लहान नव्हती. आइस्क्रीमही मला विचारलं, तिला नाही.

मेणाची नळी काचेच्या कपाटात होती, तपकिरी, पाणी प्यायच्या भांड्याएवढी. खाली छापील पाटी: "विवाहगीत. अज्ञात आदिवासी गायिका. आदिवासी कलेचे आश्रयदाते असलेल्या शेठजींच्या खास निमंत्रणावरून."

"तिचं नाव सोनी," लखमीबाय म्हणाली.

"अच्छा? व्हेरी गुड. लिहून घेतो हां," शेठ म्हणाले आणि लिहून घेतलं नाही.

त्या काळी शहरातल्या गायिका तबकडीच्या शेवटी घाईघाईने आपलं नाव सांगत. तबकड्या परदेशात छापल्या जात, आणि तिथल्या लोकांना कळावं की कोणत्या तबकडीवर कोणाचं नाव चिकटवायचं, म्हणून. गाण्याची शेवटची तान विरायच्या आत बाई ठणकावून स्वतःचं नाव घेते. मला ते फार आवडतं. सोनीला कुणी तेवढी उसंत दिली नव्हती.

आम्ही गाणं ऐकवायला सांगितलं. शेठनी फोन काढला. "ओरिजिनल वाजवत नाही. प्रत्येक वेळी सुई मेण थोडं खरवडते. मी कॉम्प्युटरवर घेतलंय, एकदम साफ करून."

फोनमधून आवाज आला. लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, पण धारदार. लखमीबायने पदर मुठीत धरला. तिचे ओठ हलायला लागले. सोनीच्या बरोबर, अक्षराला अक्षर. मग आवाज हळूहळू बारीक होत विरून गेला.

"असं नाय," लखमीबाय म्हणाली. "अशी कोण थांबते? कुठं तुटलं?"

शेठ जरा ओशाळले. "शेवटी डिस्टर्बन्स होता. लोकांचे आवाज वगैरे. ते कट करून शेवट फेड-आउट केलाय. ऐकायला बरं वाटतं."

म्हणजे साफ करताना नेमकं तेच साफ झालं होतं. हसणारे पूर्वज कापून टाकले आणि आश्रयदाते शेठजी पाटीवर शिल्लक राहिले. मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला पाठ होतं, लहानपणापासून पाठ आहे. लखमीबायने माझं मनगट दाबलं.

"शेठ," ती म्हणाली, "ती नळी एकदा लावा."

"नाही गं. समजत नाही का तुला? झिजते ती."

आणि त्यांनी ती लावलीही नसती. पण तेवढ्यात मुंबईहून आलेला दहा-बारा पर्यटकांचा घोळका पडवीत शिरला, आणि शेठच्या चेहऱ्यावर दिवा लागला. त्यांनी लखमीबायला खांद्याला धरून पुढे केलं. "फ्रेंड्स, आज तुम्ही लकी आहात! या गायिकेची पणती इथे आली आहे. लाइव्ह!" बारा फोन वर झाले. पाहुण्यांसाठी मेण झिजवायला हरकत नव्हती.

त्यांनी नळी बसवली, चावी दिली, सुई टेकवली.

आधी खरखर, मग सोनी. फोनमधली नव्हे, ही खोलीत होती. तिने धरतरीला बोलावलं, हिरवा देवाला बोलावलं, वाघदेवाला बोलावलं. एकेका देवाला वाट सांगत होती, कुठून ये, कुठली नदी ओलांड. मग तिने श्वास घेतला, तो ऐकू आला, आणि पुढच्या देवतेच्या नावाचं पहिलं अक्षर निघालं. त्यावर एका पुरुषाचा आवाज आला, "बस, बस!" मागे पुष्कळ माणसं हसली. खट्. खरखर.

पडवीतली माणसं या पूर्वजांइतकी वाईट नव्हती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कणसरी," लखमीबाय माझ्या कानाशी म्हणाली. "कणसरी बाहेर राहिली."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. माझ्या डोक्यात लगेच पत्रक तयार झालं: वेठीवर आणलेली बाई, शेठचा मांडव, आणि दाराबाहेर ठेवलेलं अन्न. याहून चांगला मथळा कुठे मिळणार! मी तिला तसं कुजबुजून सांगितलंही.

"ते तुला आज कळलं?" ती म्हणाली.

एक बाई पुढे आली, चांगल्या मनाची असावी. "आँटी, तुम्ही पण गा ना. प्लीज!"

शेठनी टाळी वाजवली. "हो हो, गा! रिकाम्या हाताने पाठवणार नाही तुला." आणि खरोखर, सवयीने, त्यांनी फोनोग्राफचा कर्णा तिच्याकडे वळवला. फोटो छान यावा म्हणून असेल.

लखमीबायने कर्ण्यात पाहिलं. मग पडवीभर नजर फिरवली.

"नवरी कुठं आहे?" तिने विचारलं.

कुणाला कळलं नाही. एकजण हसला. ती चपला घालून पायऱ्या उतरली.

बाहेर पडल्यावर मी भडकले होते. म्हटलं, ती नळी तुमची आहे, आपण मागू, मी लिहिते, तालुक्याला मोर्चा नेऊ. ती चिकूच्या झाडाखाली पडलेलं फळ उचलून दाबून बघत होती.

"नळी घेऊन करू काय? तिच्यात तं 'बस' पण आहे. ते कोण सांभाळील?" फळ कच्चं होतं, तिने टाकून दिलं. "लिही, लिहायचं तं. पण तिचं नाव लिही."

लिहिलं आहे. सोनी. शेठच्या पाटीचं पुढे काय झालं ते मला त्या चांगल्या मनाच्या बाईने नंतर फोटो पाठवला तेव्हा कळलं. पाटी बदलली आहे. आता तिच्यावर लखमीबायचा आणि शेठचा फोटो आहे, आणि खाली: "गायिकेच्या वंशजांची कृतज्ञ भेट." नाव दोघींपैकी एकीचंही नाही.

पुन्हा तलासरी

त्याच संध्याकाळी, लग्नाआधी तुटलेलं गाणं जोडायला, आम्ही पाड्यावर परतलो. लखमीबायने हातपाय धुतले, उंबऱ्यापुढची जमीन सारवली, पिठाची चिमूट टाकली. शेजारच्या चार बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, जिने आतापर्यंत या घराच्या लग्नांत बाहेरची धवलेरी म्हणून गायलं होतं. ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "चुकलीस तं मी हाय. मग पुन्हा गायचं नाव काढू नको." जयू दाराच्या आत उभी होती.

मी फोन काढला. चोरून नाही, तिच्या डोळ्यांसमोर. "लखमीबाय, रेकॉर्ड करू? शेठकडे जाणार नाही हे. तुझ्याकडेच राहील."

तिने फोनकडे पाहिलं. "किती वेळ चालतो?"

मी पाहिलं. दिवसभर फोटो काढून बॅटरी तळाला गेली होती. "चालेल थोडा वेळ."

"आणि मधेच संपला तं?"

मी फोन पिशवीत ठेवला.

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पाठ आमच्याकडे, तोंड दाराकडे. सोनीने जिथे श्वास घेतला होता तिथे तिने श्वास घेतला. आणि कणसरीला हाक मारली. पहिल्या ओळीला आवाज फाटला; जन्मभर नुसते ओठ हलवलेले, गळ्याला सवय कुठली. दुसऱ्या ओळीला धरला. म्हातारीच्या आठ्या तशाच होत्या, पण चौथ्या-पाचव्या देवापासून तिचे ओठ हलू लागले.

गाण्यात काय होतं ते मी सांगू शकणार नाही. मला सगळं कळलंही नाही, आणि जे कळलं ते मांडवातलं आहे. एवढंच सांगते की ते लांब होतं. आत चुलीवर ठेवलेली बोंबलाची आमटी आटली, जयूला ती उतरवायचं भान राहिलं नाही. टेकडीमागून हायवेच्या ट्रकांचा आवाज येत होता. दोनदा लखमीबायला ठसका लागला, दोनदा तिने पाणी न पिता पुढे गायलं. मेणाच्या कितीतरी नळ्या भरल्या असत्या.

कुणी "बस" म्हटलं नाही. गाणं संपलं, म्हणून ती थांबली.